लॅपटॉपचं मॉडेल नको, वायफायचा नंबर विचारा

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि धडधाकट लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही तुलनेनं नवा लागतो. मग लिनक्स टाकायचं ठरतं. स्क्रीन, आवाज, कीबोर्ड सगळं सुरू होतं. वायफाय तेवढं दिसत नाही.

आर्वी तालुक्यातल्या रोहण्यासारख्या गावात हे जास्त नडतं. घरात ब्रॉडबँडची तार नसेल, तर नेट येतं मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. वायफायच बंद, तर ड्रायव्हर उतरवायचा कशावर?

म्हणून तपासणी आधीच करायची. लॅपटॉपच्या मॉडेलवर भरवसा ठेवू नये. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळी वायफाय कार्डं बसवतात. खरी ओळख कार्डाच्या आयडीत असते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ बघा. ‘व्हेन’पुढे ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. ‘डेव्ह’पुढचे चार आकडे-अक्षरं नेमकी चिप सांगतात.

इंटेल असेल तर बहुधा निश्चिंत राहावं. कंपनी आपला ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, स्वतः सांभाळते. ब्रॉडकॉमच्या बीसीएम४३१४२ ला मात्र कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो.

रियलटेकची ८८२१सीई ही चिप बघा. स्वस्त लॅपटॉपांत ती सर्रास सापडते. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ५.९ या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२० मध्ये. उबुंटू या लिनक्सची २०.०४ आवृत्ती मूळ ५.४ कर्नल घेऊन आली होती, त्यावर वायफाय गायब; २२.०४ मध्ये ५.१५ होता, त्यावर तीच चिप चालते. कार्ड तेच, लॅपटॉप तोच. ‘लिनक्सला वायफाय जमत नाही’ हा शेरा अनेकदा जुन्या आवृत्तीवरून मारलेला असतो, आणि तो अन्यायाचा आहे.

कधी ड्रायव्हर असतो, पण चिपला लागणारी फर्मवेअरची फाइल नसते. डेबियन या लिनक्सनं जून २०२३ मधल्या १२ व्या आवृत्तीपासून बंदिस्त फर्मवेअरही इन्स्टॉलरमध्ये दिलं, ते बरंच झालं.

शेवटची खात्री लाइव्ह पेनड्राइव्हवरून करावी. डिस्कला हात न लावता लिनक्स सुरू करा, हॉटस्पॉट जोडून बघा. नाहीच जुळलं, तर अँड्रॉइड फोन केबलनं जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ लावा. त्याला वायफायचा ड्रायव्हर लागत नाही. आणि जुना लॅपटॉप विकत घेणार असाल, तर पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराकडून हा आयडी नक्की लिहून घ्या.