फट असलेलं कडं

चांदीचं एक कडं, पण एका बाजूला फट ठेवलेलं. त्यावर गोल सरकणारी एक लांब टाचणी. बस, एवढंच. स्प्रिंग नाही, आकडा नाही, फिरकी नाही. एवढ्याशा ऐवजावर आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या माणसांनी शतकानुशतकं आपली जाड लोकरी वस्त्रं वादळी वाऱ्यात अंगावर धरून ठेवली. शालीसाठी आज हाताने घडवल्या जाणाऱ्या सेल्टिक धाटणीच्या कितीतरी चांदीच्या पिना याच युक्तीवर चालतात.

ती युक्ती अशी. टाचणी कापडात खुपसून बाहेर काढायची, तिचं टोक कड्याच्या फटीतून वर घ्यायचं आणि कडं थोडं फिरवायचं. फट बाजूला सरकते, टोक कड्यावर टेकतं. आता कापड सुटायला पाहतं आणि त्याच ओढीने टाचणी कड्यावर आणखी दाबली जाते. म्हणजे कुलूप दागिन्यात नाहीच! कापडाचा ताण हेच कुलूप. कापड नसेल तर ती नुसती खुळखुळणारी चांदी.

घडवण्यातही असंच नवल आहे. ठोकत गेलं की चांदीची तार ताठर होते, अति ठोकली तर तडकते. म्हणून मधेमधे मंद लाल तापवून नरम करावी लागते. टाचणीला मात्र शेवटी नरम करत नाहीत, फक्त ठोकतात. तो ताठरपणाच तिचं बळ. तारेचं टोक ज्योतीत धरलं की वितळलेली चांदी पृष्ठताणाने स्वतःच गोळा होते आणि टोकाला मणी तयार होतो. हा क्षण कितीही वेळा पाहिला तरी जुना होत नाही. टाचणीचं टोक घासून गुळगुळीत, जरा बोथटच ठेवतात, म्हणजे ते लोकरीचे धागे न तोडता त्यांच्यामधून वाट काढतं.

जुन्या काळी हा दागिना माणसाची पायरीही सांगे. आयरिश कायद्यात राजपुत्रांनी कोणत्या धातूचा ब्रोच, म्हणजे अशी पिन, लावावा, हेसुद्धा ठरलेलं होतं. इंग्लंडमध्ये पेनरिथजवळ सापडलेल्या एका चांदीच्या ब्रोचची टाचणी सुमारे अर्धा मीटर लांब आहे!

सगळ्यांत विलक्षण म्हणजे १८५० मध्ये आयर्लंडच्या बेटिस्टाउन इथे मिळालेला, इ.स. ७०० च्या आसपासचा ‘तारा ब्रोच’. तारा या प्राचीन आयरिश राजपीठाशी त्याचा काही संबंध नाही. ते नाव वॉटरहाउस या डब्लिनच्या जवाहिऱ्याने दिलं. कड्याचा व्यास जेमतेम ९ सेंटीमीटर. तेवढ्यात सोन्याचा मुलामा, केसासारखं बारीक तारकाम, अंबर, काच. आणि मागची बाजू, जी कापडाला टेकून कुणालाच दिसणार नव्हती, तीही तितक्याच जिवापाड सजवलेली.

पण या ब्रोचमध्ये फट बुजवलेली आहे. नक्षीला जागा मिळाली, मूळ कुलूप मात्र गेलं. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या त्या कामापुढे मी मान तुकवतो. तरी शालीसाठी निवडायची तर फट राखलेली साधी पिनच मला अधिक देखणी वाटते. घेताना ती शालीवर लावून पाहावी: कडं बोटाने सहज फिरलं पाहिजे, आणि शाल ओढली की टाचणी जागची हलता कामा नये.