चिखलातील पिक-अप : डिफरन्शियल व टायर

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात बर्फ पडत नाही. परंतु बर्फावर मोटार अडते तशीच ती आमच्या काळ्या मातीच्या पांदणीत फसते, आणि कारणही बरेचसे एकच आहे. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरात काढणीस येऊ लागतात, तेव्हा जमिनीत पुष्कळदा ओल असते. भरलेली पिक-अप दोन दिवस वावरातच राहिली तर मालाचे काय होते, हे बागवाल्यांस सांगणे नलगे.

बैलगाडीची चाके आसावर मोकळी फिरतात. ओढण्याचे काम बैलांचे. मोटारीत जमीन रेटण्याचे काम चाकांनाच करावे लागते. त्यातून वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांत १.४ मीटर अंतर असेल तर पुऱ्या फेऱ्यात ते आतल्या चाकापेक्षा सुमारे ८.८ मीटर जास्त चालते. (फेरा लहान असो वा मोठा, फरक तितकाच! मुलांना हे गणित अवश्य घालावे.) हा फरक सांभाळणारी दातेरी चक्रांची पेटी म्हणजे डिफरन्शियल. मात्र साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. समजा, चिखलातील चाकाला २० किलोंहून अधिक रेटा देता येत नाही. मग कोरड्यावरील चाकालाही २० किलोच मिळतो. एक चाक गरगर फिरते, दुसरे स्तब्ध राहते.

लिमिटेड स्लिप प्रकारात घर्षणाच्या चकत्या हा दोष काहीसा आवरतात. लॉक प्रकारात दोन्ही चाके एकत्र बांधली जातात. ट्रॅक्टरवाल्यांना पायाजवळचे हे पेडल परिचित आहे.

तरीही पैसा आधी टायरांवर खर्चावा, असे आमचे मत आहे. दोन्ही चाके चिखलात असतील तर लॉक काय करणार? बर्फाच्या टायरला बारीक चिरा असतात. खाचांत दबलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो. आमची माती उलट आहे. ती खाचांत बसली की टायर गुळगुळीतच झाला. म्हणून मागे रुंद खाचांचे, ठळक उंचवट्यांचे लग टायर घ्यावेत. फिरताना ते माती झटकतात. पुढे सरळ रेघांचे रिब टायर सुकाणूला बरे. मात्र ज्याची गाडी बहुतेक नागपूरच्या डांबरी रस्त्यावरच धावते, त्याने लग टायर घेऊ नयेत. ते आवाज करतात व लवकर झिजतात. वावरात हवा थोडी कमी केल्यास टायर अधिक जमीन धरतो. डांबरीवर येण्यापूर्वी ती पुन्हा भरावी.

रिकामी पिक-अप मागून हलकी असते, म्हणून पुष्कळदा बागेत जातानाच घसरते. लॉक लावायचा तो फसण्यापूर्वी, चाक फिरत असताना नव्हे. कठीण रस्ता लागताच तो सोडावा. लावलेल्या लॉकने वळण घेतल्यास टायर घासतात आणि आस तुटण्याची भीती असते.