नासाउ ग्रूपर : पौर्णिमेला जमणारा मासा

ओळख
कोकणच्या बाजारात दिसणारा हेकरू ज्या गटातला, त्याच गटातला नासाउ ग्रूपर हा कॅरिबियन समुद्रातला मासा. शास्त्रीय नाव एपिनेफेलस स्ट्रायटस. फिकट अंगावर पाच गडद उभे पट्टे आणि शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला काळा डाग, ही त्याची खूण. क्वचित तो मीटरभराहूनही लांब वाढतो.

घर आणि शिकार
पिल्ले शेवाळाच्या झुबक्यांत, समुद्री गवतात लपून वाढतात. मोठी झाली की प्रवाळखडकांकडे सरकतात आणि कपारीत एकेकटी राहतात. हा मासा भक्ष्याचा पाठलाग फारसा करत नाही. दबा धरून बसतो, भक्ष्य टप्प्यात येताच जबडा एकदम फाकवतो आणि पाण्याबरोबर मासा, खेकडा किंवा शेवंड आत ओढून सबंध गिळतो.

वीण
एरवी एकटा राहणारा हा मासा हिवाळ्यात पौर्णिमेच्या सुमारास हजारोंच्या संख्येने एकत्र येतो. त्यासाठी काही मासे शंभर किलोमीटरहून जास्त अंतर कापतात. जागा ठरलेली असते : खडक संपून समुद्र एकदम खोल होतो तो कडा. तिथे अनेकांचे पट्टे पुसट होतात, पाठ काळी आणि पोट पांढरे दिसू लागते. सूर्यास्ताच्या वेळी एक मादी आणि तिच्यामागे अनेक नर वर झेपावतात आणि अंडी व शुक्रद्रव पाण्यात सोडतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या पाच-सहा आठवडे प्रवाहाबरोबर तरंगत राहतात.

संकट
जागा आणि तिथी दोन्ही ठरलेल्या, त्यामुळे जाळे किंवा गळ कुठे टाकायचा हे कोळ्यांना नेमके ठाऊक. बहामाजमधल्या बिमिनीजवळच्या एका मेळाव्यात 30 हजार ते एक लाख मासे असल्याचा अंदाज 1972 साली प्रसिद्ध झाला होता. आज असे बरेच मेळावे उरलेले नाहीत. मासा वयात यायलाच चार ते सात वर्षे लागत असल्याने झालेली तूट लवकर भरून निघत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटना आययूसीएनने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले आहे.

उपाय
लिटल केमन बेटाजवळच्या मेळाव्यातून 2001 आणि 2002 या दोन हंगामांत सुमारे चार हजार मासे पकडले गेले. 2003 साली तिथल्या मासेमारीवर बंदी आली. पुढची काही वर्षे फारसा फरक दिसला नाही. नंतर मात्र संख्या झपाट्याने वाढली आणि 2018 पर्यंत तिपटीहून अधिक झाली. बहामाजमध्येही डिसेंबर ते फेब्रुवारी हा मासा पकडायला मनाई असते. समुद्रभर पहारा ठेवणे कोणालाच जमणारे नाही. पण ठरलेल्या जागा विणीच्या काळात मोकळ्या सोडल्या, तर हा मासा तग धरतो.