यवतमाळचा पोळा आणि त्याभोवतीचे गैरसमज

श्रावण आला की सोमवार, मंगळागौर, नारळी पौर्णिमा यांची चर्चा होते. यवतमाळ जिल्ह्यात, वणी असो की आर्णी, शेतकरी वाट पाहतो ती या महिन्याच्या शेवटच्या दिवसाची. तो दिवस पोळ्याचा.

'पोळा ऑगस्टमध्ये असतो,' असं सर्रास बोललं जातं. विदर्भात पोळा श्रावण अमावस्येला, म्हणजे पिठोरीलाच येतो. २०२४ मध्ये तो २ सप्टेंबरला होता, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. २०२३ मध्ये श्रावणच अधिक आला आणि पोळा १४ सप्टेंबरपर्यंत लांबला. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक, म्हणून पुन्हा सप्टेंबर. छत्तीसगडात पोळा भाद्रपदात होतो असं ऐकलं की तो निराळा सण वाटतो. प्रत्यक्षात दिवस तोच. तिथे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावस्येला. कोल्हापूर-सांगलीकडचा बेंदूर मात्र खरोखर वेगळा, तो आषाढातला.

झुली, बाशिंगं आणि घागरमाळांचे फोटो पाहून पोळा म्हणजे सजावटीचा सण असाही समज झाला आहे. सण सुरू होतो तो आदल्या संध्याकाळी, खांदशेकणीला. पेरणीपासून जू वाहून बैलाच्या मानेमागची कातडी जाड, राठ झालेली असते. कुठे केस गेलेले, कुठे सोललेलं. त्या जागी हळद-तूप चोळून शेकतात. तूप परवडलं नाही तर तेल. बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. माझ्या मते पोळ्याचा गाभा या अर्ध्या तासात आहे, मिरवणुकीत नाही.

'ट्रॅक्टर आले, पोळा संपला' हेही अर्धवट खरं. बैलजोड्या घटल्या, चाऱ्याचा खर्च झेपेना, हे गावोगाव दिसतं. तरी उभ्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासांत तण काढणारा डवरा चालवायला आजही अनेक शेतकऱ्यांना बैलच लागतात. ज्यांच्या दावणीला बैल उरले नाहीत, ते मातीची जोडी पूजतात.

पोळा फुटला, म्हणजे तोरणाखालच्या जोड्या सुटल्या, की सण संपला, असंही नाही. दुसऱ्या दिवशी कर. पळसाच्या फांद्यांचे मेढे दाराशी ठेवलेले असतात. रोगराईला मारबतीसोबत, म्हणजे पीडेचं रूप मानलेल्या पुतळ्यासोबत, जायला सांगत ते गावाबाहेर नेतात. त्याच दिवशी लाकडी बैल ओढणाऱ्या लेकरांचा तान्हा पोळा.

सगळ्यात मोठा गैरसमज पोळ्यात म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांबद्दल आहे. त्या ठरलेल्या आरत्या आहेत, असं शहरात अनेकांना वाटतं. तोरणाखाली जोड्या रांगेत उभ्या राहिल्या की एकजण वऱ्हाडीत झडती म्हणतो आणि शेवटी सारा गाव महादेवाचा गजर करतो. सुरुवातीला गौरा-पार्वतीला नमन असतं. पुढे मात्र कापसाचा भाव, सावकार, पीककर्ज, पुढारी, काहीही येतं. ज्याला एरवी पाटलापुढे बोलता येत नाही, तो त्या दिवशी भर गावात बोलून घेतो. जुन्या झडत्या टिकतात, पण दरवर्षी नव्याही रचल्या जातात आणि बहुतेक तोंडातोंडीच विरून जातात. प्रत्येक गावातल्या शाळेने पोळ्याच्या संध्याकाळी एखाद्या मुलाला वही घेऊन तोरणापाशी बसवलं, तर त्या वर्षी शेतकऱ्याला काय सलत होतं ते त्याच्याच शब्दांत लिहिलेलं राहील.