सत्तेचाळिसावे सूत्र

नवजात अर्भकाचे डोळे किंचित तिरपे, मान आखूड आणि अंग लिबलिबीत असे आढळले, म्हणजे घरातील वडील मंडळी प्रथम काय करितात? दिवस असताना सूनबाईने ग्रहण पाळले होते की नाही, विळीला हात लाविला होता की काय, ह्याची चौकशी! सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतूनही ही चौकशी अद्यापि पुरती थांबलेली नाही. तेव्हा खरा प्रकार काय असतो, तो पाहणे बरे.

पेशीच्या केंद्रात गुणसूत्रे नावाचे धागे असतात. आईबापांकडून आलेले आनुवंशिक धन त्यांत साठविलेले असते. एका पेशीच्या दोन होण्यापूर्वी प्रत्येक धाग्याची हुबेहूब प्रत तयार होते. मग ह्या जोड्या पेशीच्या मध्यावर रांगेने उभ्या राहतात आणि दोन्ही टोकांकडून आलेले तंतू त्यांची समसमान वाटणी करून घेतात. जर्मन शास्त्रज्ञ फ्लेमिंग ह्याने सॅलॅमँडरच्या पिलांच्या पेशी रंगवून हा देखावा न्याहाळला व १८८२ साली ग्रंथरूपाने मांडला. मनुष्याची गुणसूत्रे ४६. पण ही साधी गणतीदेखील १९५६ साली कोठे नीट लागली!

स्त्रीबीजाची गोष्ट मात्र निराळी. त्यात ४६ ची निम्मी, म्हणजे २३ च सूत्रे उरावयाची असतात. मुलगी स्वतःच्या आईच्या उदरात असते तेव्हाच हे विभाजन आरंभते आणि मध्येच थबकते. ते पुढे सरकते ते बीज पक्व होण्याच्या वेळी, कधी वीस तर कधी चाळीस वर्षांनी. म्हणजे नातू ज्या बीजापासून झाला ते आजीच्या पोटातच घडू लागले होते! इतका काळ सूत्रांस जखडून ठेवणारी बंधने हळूहळू सैल होतात आणि वाटणी चुकते. एकविसाव्या क्रमांकाची दोन्ही सूत्रे एकाच बीजात गेली, की बालकाच्या पेशींत ४७ सूत्रे येतात. इंग्रज वैद्य डाऊन ह्याने १८६६ साली वर्णिलेल्या ह्या अवस्थेचे हे कारण पॅरिस येथे लजन, श्रीमती गोतिए आणि त्युर्पँ ह्यांनी १९५९ साली दाखविले.

आईचे वय पस्तीस असता सुमारे साडेतीनशे जन्मांत एक, चाळीस असता सुमारे शंभरांत एक, असे हे प्रमाण आहे. तरुण मातेसही असे मूल होते, आणि क्वचित् चूक पित्याच्या बीजातही असते. शेकडा तीनचार मुलांत मात्र जादा सूत्र दुसऱ्यास चिकटलेले असते व ते आई किंवा बाप ह्यांपैकी एकाकडून वारशाने आलेले असू शकते. अशा वेळी दोघांचेही रक्त तपासून घ्यावे लागते.

ह्यांतील निम्म्याच्या आसपास मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, व तो वरून दिसेलच असे नाही. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच हृदयाची तपासणी करवावी.