अ‍ॅड्रिनर्जिक ग्राही

अ‍ॅड्रिनर्जिक ग्राही : अ‍ॅड्रेनॅलीन व नॉरअ‍ॅड्रेनॅलीन या द्रव्यांना बद्ध करून त्यांचा संदेश कोशिकेच्या (पेशीच्या) आत पोहोचविणारी कोशिकापटलातील प्रथिने. अ‍ॅड्रेनॅलीन मुख्यतः अधिवृक्क ग्रंथीच्या मध्यकातून रक्तात स्रवते, तर नॉरअ‍ॅड्रेनॅलीन अनुकंपी तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) टोकांशी मुक्त होते.

एकच अ‍ॅड्रेनॅलीन त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते, परंतु श्वासनलिका रुंदावते. रेमंड आल्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४८ साली निरनिराळ्या अवयवांवर सदृश द्रव्यांच्या परिणामांची तुलना करून अशा भिन्न क्रियांचा उलगडा केला व ग्राहींचे आल्फा आणि बीटा असे दोन प्रकार मानले. पुढे १९६७ मध्ये बीटा ग्राहींचे बीटा–१ व बीटा–२ असे विभाजन झाले. आता एकूण नऊ उपप्रकार ज्ञात आहेत.

कार्यपद्धती : द्रव्य ग्राहीस बद्ध झाले की ग्राहीचा आकार किंचित बदलतो व कोशिकेतील जी–प्रथिन उद्दीपित होते. बीटा ग्राहींमुळे चक्रीय एएमपी या संदेशवाहकाचे प्रमाण वाढते, आल्फा–२ मुळे ते घटते, तर आल्फा–१ मुळे कोशिकेतील कॅल्शियम वाढून स्नायू आकुंचन पावतात. बीटा–१ उद्दीपित झाल्यास हृदयाचे ठोके जलद व जोरदार होतात. बीटा–२ मुळे श्वासनलिकांचे स्नायू शिथिल होतात. या ग्राहीकुलाच्या संशोधनाबद्दल रॉबर्ट लेफ्कोवित्झ व ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

औषधी उपयोग : सालब्युटॅमॉल हे बीटा–२ उद्दीपक दम्यावर हुंगण्याच्या स्वरूपात देतात. जेम्स ब्लॅक यांनी हृदयशूलावरील उपचारासाठी शोधलेले प्रोप्रॅनोलॉल दोन्ही बीटा ग्राहींना रोधते. त्यामुळे हृदयाची ऑक्सिजनची गरज घटते. मात्र तेच औषध दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकुंचित करून जीव धोक्यात आणू शकते. म्हणून मुख्यतः बीटा–१ वर कार्य करणारी अ‍ॅटेनोलॉलसारखी रोधके तयार झाली. तथापि ही निवडकता सापेक्ष असून मात्रा वाढविल्यास ती कमी होते. प्रॅझोसीन हे आल्फा–१ रोधक रक्तवाहिन्या शिथिल करून रक्तदाब उतरविते.

बीटा रोधके दीर्घकाळ घेतल्यास ग्राहींची संख्या वाढू शकते. अशा वेळी औषध एकाएकी बंद केल्यास हृदयशूल बळावण्याची भीती असते. म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू कमी करतात.