कॉर्बेटसाहेबाची दुनळी

बंदुकीची किंमत सांगा, असे कुणी म्हटले की मी आधी चष्मा पुसायला घेतो. तेवढाच विचाराला वेळ मिळतो. नागपुरात एका परवानेवाल्या बंदुकांच्या दुकानात मी चाळीस वर्षे वह्या लिहिल्या. बंदूक उडवली एकदाच, आणि त्या धक्क्याने आठ दिवस खांदा शेकत बसलो. पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक हत्याराचा नंबर, बोअर आणि कारखानदार माझ्याच हातून वहीत चढत असल्यामुळे नजर आपोआप तयार झाली. शिंप्याच्या दुकानातल्या कारकुनाला कापड कळू लागते, त्यातलाच हा प्रकार.

तर मागच्या उन्हाळ्यात मारेगावहून निरोप आला. यवतमाळ जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव वणीच्या अलीकडे आहे. निरोप धाडणारे गृहस्थ शाळेत शिक्षक, घरी थोडी कपाशीची शेती. त्यांना आपण गुरुजीच म्हणू. त्यांच्या आजोबांची विलायती दुनळी रायफल घरात आहे, आणि ती साक्षात जिम कॉर्बेटने आजोबांना बक्षीस दिलेली आहे, असे निरोपात होते. "काकाजी, एकदा येऊन पाहाच. लाखांचा मामला आहे," हे शेवटचे वाक्य.

नागपूरहून निघालो. करंजीच्या फाट्यावर हमरस्ता सोडून डावीकडे वळलो की समोरून येणाऱ्या ट्रकांच्या धुळीवरून वणीचा कोळसा जवळ आल्याचे कळते. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, मधून मधून पळस आणि साग. या भागात वाघ आणि बंदूक हे दोन शब्द एकत्र उच्चारले की अजूनही लोकांना २०१८ साल आठवते. तेरा माणसांच्या मृत्यूचा आरोप असलेली टी-१ वाघीण त्या वर्षी २ नोव्हेंबरला राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात गोळी घालून मारली गेली. त्यावरून देशभर वाद झाला. बसमधल्या माझ्या शेजाऱ्यानेही मी बंदूक बघायला चाललो आहे हे कळताच तोच विषय काढला.

गुरुजींच्या घरी चहा झाला आणि चामड्याची जुनी पेटी ओट्यावर आली. मी आधी परवाना मागितला. पुष्कळांना याचा राग येतो; पण ज्या हत्याराला परवाना नाही त्याची बाजारातली किंमत शून्य आणि कोर्टातली फार मोठी. मालक वारला की वारसाने ते हत्यार नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानेवाल्या दुकानदाराकडे जमा करून आपल्या नावावर परवाना मागायचा असतो. कपाटावर ठेवून "आजोबांची आठवण आहे" म्हणून भागत नाही. गुरुजींचे कागद मात्र चोख होते. वडिलांच्या मागे त्यांनी रीतसर परवाना करून घेतला होता आणि दर निवडणुकीला रायफल ठाण्यात जमा केल्याच्या पावत्याही जपून ठेवल्या होत्या.

मग पेटी उघडली.

खरे सांगतो, मन हरखले. लंडनच्या डब्ल्यू. जे. जेफ्री कंपनीची ४५०/४०० बोअरची रायफल. दोन नळ्या शेजारी शेजारी, दोन चाप, बॉक्सलॉक पद्धतीची. घरातल्या मंडळींना यातले काय कळणार, म्हणून मी एकेक गोष्ट दाखवत गेलो. वाचकांसाठीही थोडे सांगतो.

दुनळी रायफल म्हणजे दोन नळ्या जोडलेली साधी बंदूक नव्हे. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठराविक अंतरावर जवळजवळ एकाच ठिकाणी पडल्या पाहिजेत. त्यासाठी कारागीर नळ्या जुळवून, गोळी झाडून, पुन्हा किंचित हलवून, पुन्हा झाडून पाहतो आणि मग डाख पक्का करतो. ही सारी जुळणी एका विशिष्ट काडतुसावर केलेली असते. काडतूस बदलले की जुळणी बिघडते. हत्ती-वाघासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला दुसरी गोळी क्षणात झाडता यावी, एवढ्यासाठी हा उपद्व्याप, आणि किंमत आहे ती या उपद्व्यापाचीच.

बोअरचीही गंमत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने हिंदुस्थानात ४५० बोअरला बंदी केली. लष्करातल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली याच बोअरच्या होत्या, आणि शिकाऱ्यांची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील ही धास्ती होती. कारखानदारांनी मग ४६५, ४७०, ४७५ असले आडमाप बोअर काढले. आमच्या रायफलीच्या नावात ४५० असला तरी तिची गोळी ४०० ची. म्हणून ती बंदीतून सुटली आणि या देशात भरपूर खपली.

मी नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या, खालचा हूक बोटाला अडकवून त्या टांगल्या आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ नाद आला. म्हणजे दोन नळ्यांमधला डाख शाबूत होता. तो सुटला असता तर फुटक्या मडक्यासारखा आवाज आला असता. नंतर त्या आभाळाकडे धरून आतून पाहिल्या. डावी आरशासारखी. उजवी मात्र पाठीमागच्या बाजूला काळवंडलेली आणि खडबडीत. पुढचा चाप उजव्या नळीचा असतो. माणूस पहिली गोळी तिनेच झाडतो, म्हणून ती आधी झिजते. त्या काळची कॉर्डाइट दारू नळी खाते, आणि बार झाल्यावर गरम पाण्याने नळी धुतली नाही तर उरलेले काम गंज करतो. नळ्यांच्या बुडाशी सरकारी चाचणीचे छाप होते. ते १९०४ ते १९२५ या काळात वापरात असलेले. म्हणजे वयाने ही बाई शंभरी ओलांडलेली.

दस्ता पाहिला आणि माझ्या तोंडून "अरेरे" निघाले. अक्रोडाचे जुने, तेल पिऊन काळे झालेले सुंदर लाकूड. त्यावर कुणीतरी झगझगीत वॉर्निश फासले होते.

"कपाटाचं उरलं होतं," गुरुजी म्हणाले. "दिवाळीत मारलं. चमक आली ना?"

ती चमक पन्नासेक हजारांना पडली, हे त्यांना लगेच सांगवेना. जुन्या हत्यारांच्या शौकिनाला झीज चालते, चरे चालतात, पण नवी रंगरंगोटी चालत नाही. घरात असे काही असेल तर कृपा करून त्याला हात लावू नका. हलके तेलाचे फडके पुरे.

आता कॉर्बेट. गुरुजींनी सगळी हकीकत सांगितली. मुंबईचा एक दलाल दोनदा येऊन गेला होता. परदेशात अशा रायफलींना काय भाव येतो याची कात्रणे त्याने दाखवली होती, चाळीस लाखांचा आकडा तोंडाने सांगितला होता आणि दोन लाख विसार हातावर ठेवला होता. अट एकच: ही रायफल जिम कॉर्बेटने १९४४ साली माझ्या आजोबांना दिली, असे प्रतिज्ञापत्र गुरुजींनी करून द्यायचे. गुरुजींच्या मुलीला खाजगी वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली होती. विसाराचे दोन लाख फीच्या पहिल्या हप्त्यात गेले होते. मुलगी दाराशी उभी राहून सगळे ऐकत होती.

कात्रणे खोटी नव्हती. अर्नेस्ट हेमिंग्वेची ५७७ बोअरची वेस्टली रिचर्ड्स दुनळी २०११ साली अमेरिकेत लिलावात तीन लाख एकोणचाळीस हजार डॉलरांच्या वर गेली. थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेत शिकारीला निघाला तेव्हा फॉक्स कंपनीने त्याला भेट दिलेली छऱ्याची बंदूक २०१० साली आठ लाख बासष्ट हजारांवर विकली गेली. रूझवेल्टचे नाव नसते तर त्या बंदुकीला याचा विसावा हिस्साही आला नसता. पण त्या नावामागे काय काय होते? कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, सफरीतली छायाचित्रे, कुटुंबात ती कुणाकडून कुणाकडे गेली याची साखळी. लोक पैसे मोजतात ते या साखळीचे. एक कडी तुटली की नाव गळून पडते आणि उरते ते लोखंड.

आणि कॉर्बेटची स्वतःची जेफ्री दुनळी, तीही ४५०/४०० च, कुठे गेली हे जगाला ठाऊक आहे. ती अमेरिकेत एल्मर कीथ या बंदूक-लेखकाकडे होती आणि २०१५ साली त्याच्या संग्रहाबरोबर अडीच लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली मिळालेली त्याची रिग्बी रायफल परत लंडनला रिग्बी कंपनीकडेच आहे. मी हे सांगितले तेव्हा गुरुजी म्हणाले, "दलालही तेच म्हणाला. म्हणे, सायबाच्या आणखीही असतील."

असू शकतात. शिवाय एक गोष्ट मलाही अडवत होती. कॉर्बेट कुमाऊंचा, त्याचा आणि वऱ्हाडचा काय संबंध, असे म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी ही कथा नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी सैनिकांना जंगलात कसे वागावे हे शिकवायला सरकारने त्याला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा दिला होता, आणि ते शिक्षण त्याने १९४४ साली मध्यप्रांतात छिंदवाड्याला दिले. छिंदवाडा म्हणजे नागपूरच्या शेजारचे. आजोबांचा तेव्हा सैन्याला बकरे पुरवण्याचा ठेका होता. घरात एक फोटोही होता: फेटेवाले आजोबा, शेजारी अर्ध्या विजारीतला उन्हाची टोपी घातलेला गोरा माणूस, मागे "छिंदवाडा १९४४" अशी अक्षरे. चेहरा टोपीच्या सावलीत गेलेला.

मी चष्मा पुसला. "जुना परवाना आहे का? आजोबांचा?"

"तो नसावा," गुरुजी म्हणाले.

एवढा वेळ आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसलेल्या त्यांच्या आई उठल्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायला लावली आणि नातीच्या मुंजीच्या जुन्या पत्रिका, सातबारे... छे, नातवाच्या मुंजीच्या, असे सगळे उपसून तळातून एक कापडी बांधणीची वही काढली. डेप्युटी कमिशनर, यवतमाळ यांच्या कचेरीचा परवाना. साल १९३८. आत कलकत्त्याच्या एका दुकानाची पावती घडी करून ठेवलेली. मी नंबर वाचला, मग नळीवरचा वाचला, मग पुन्हा वहीतला. तोच.

साहेब छिंदवाड्याला येण्याच्या सहा वर्षे आधी ही रायफल मारेगावच्या घरात होती.

कुणी काही बोलेना. शेवटी म्हातारीच म्हणाल्या, "मामंजी कधीच म्हणले नाही भाऊ, का सायबानं देली म्हणून. सायबानं हातात घेऊन पायली, चांगली हाय म्हणला, येवढंच सांगे ते. देली-बिली हे मागून झालं. पोरायनं केलं."

मला ते पटले, आणि त्याला कारणही आहे. कॉर्बेटचे कुमाऊंच्या नरभक्षकांवरचे गाजलेले पुस्तक मुंबईच्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले ते १९४४ सालीच. छिंदवाड्यातल्या बकऱ्यांच्या ठेकेदाराला तो तेव्हा एक म्हातारा लष्करी साहेब एवढाच ठाऊक असणार. नाव मोठे झाले नंतर, आणि नाव मोठे झाले तशी घरातली गोष्टही मोठी झाली. पाहिलीचे दिली व्हायला दोन पिढ्या पुरतात.

"पण काकाजी," गुरुजींचा आवाज उतरला होता, "ही वही मी पाहिलीच नाही असं धरलं तर?"

मी त्यांना दोष देत नाही. दोन लाख खर्च झालेल्या माणसाच्या मनात ते येणारच. मी त्यांना व्यवहारच सांगितला. ही रायफल परदेशात जाऊच शकत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि १९७२ च्या कायद्याने ती खाजगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही. मग डॉलरांचे भाव तिला कसे लागणार? घेणारा इथलाच, परवानेवाला, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यालाही दोनच हत्यारे ठेवता येतात. त्यातून १९७२ च्याच वन्यजीव कायद्याने शिकार संपली. काडतूस मिळणे दुर्मिळ. चाळीस लाख देणारा इथे कुणी शौकीन निघालाच, तर तो लंडनला कारखान्याच्या वहीत पहिला खरेदीदार शोधायला लावील, यवतमाळच्या कचेरीत १९३८ ची नोंद काढायला लावील. त्या दिवशी दलाल कुठे असेल सांगता येत नाही. प्रतिज्ञापत्रावर सही मात्र गुरुजींची असेल.

"मग खरी किंमत?"

मी वॉर्निश आणि उजवी नळी वजा करून साडेतीन ते चार लाख सांगितले, तेही नागपूरच्या दुकानदारामार्फत आणि घाई न करता. नाद स्वच्छ आहे, नंबर जुळतो, १९३८ पासून एकाच घराण्यात असल्याचा अखंड कागद आहे. कागदाची ही साखळी मी चाळीस वर्षांत फार थोड्या रायफलींबरोबर पाहिली. फोटो विकू नका म्हणालो.

मुलगी एवढा वेळ गप्प होती. तिने फोटो उचलून खिडकीशी नेला आणि टोपीखालचा चेहरा निरखू लागली. गुरुजींनी ओट्यावरून मोबाइल घेतला, दलालाचा नंबर काढला, आणि मला विचारले, "विसार परत करायचा तर हप्त्यानं घेईल का हो तो?"

"विचारून पाहा," मी म्हणालो. "नाही म्हणाला तर दुकानदाराकडून आगाऊ घेऊन देऊ."

ते अंगणात गेले. आईंनी वही पुन्हा फडक्यात गुंडाळली, पण या वेळी पेटीच्या तळाशी न ठेवता देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली, आणि मला जेवूनच जायला सांगितले.